उन्हाला तीन घड्याळं

१५ मार्च उजाडला की तेलंगणातल्या शाळा अर्ध्या दिवसाच्या होतात. सकाळी आठला भरतात, साडेबाराला सुटतात. नारायणखेडच्या बाजूला हे दरवर्षीचं ठरलेलं आहे, आईबापांना कुणाच्या मागं लागावं लागत नाही. आपल्याकडं, म्हणजे कलबुर्गी विभागात, सरकारी कचेऱ्यांची वेळ बदलते ती एप्रिल आणि मे महिन्यांपुरती : सकाळी आठ ते दुपारी दीड. आपली, बीदर जिल्ह्यातल्या औरादची, तहसील कचेरीही त्याच वेळेवर चालते. आणि पलीकडं महाराष्ट्रात देवणी-देगलूरच्या पोरांनी २०२५ साली काय भोगलं? पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत ताणल्या गेल्या आणि सकाळच्या शाळेचा हुकूम निघाला तो मार्च संपता संपता.

तीन राज्यं, तीन घड्याळं. ऊन मात्र एकच.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा बराचसा मुलूख एकाच बीदर जिल्ह्यात होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, नारायणखेड-जहिराबाद आंध्रात गेले, आपण म्हैसूर राज्यात आलो. त्या वाटणीवर आज भांडायचं नाही. भांडायचं आहे ते यावर, की सीमेच्या दगडाअलीकडं ज्या उन्हाला सरकार धोका मानतं, दगडापलीकडं तेच ऊन पंधरा दिवस नुसतं ‘ऊन’ असतं. पोराच्या डोक्याला हा फरक कळत नाही.

होळी जळाली की थंडी पळाली, असं आपली म्हातारी माणसं सांगत आली. आता थंडी होळीची वाट बघत नाही. २०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासून नोंदलेला सर्वांत तापलेला मार्च ठरला. २०२३ च्या फेब्रुवारीत देशाच्या सरासरी कमाल तापमानानं १९०१ पासूनचा उच्चांक गाठला. २०२५ च्या फेब्रुवारीत दिवसरात्र मिळूनच्या सरासरीनं पुन्हा विक्रम मोडला, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला कोकण-गोव्यात उष्णतेची लाट नोंदली गेली. फेब्रुवारी हा हवामान खात्याच्या हिशेबात हिवाळ्याचा महिना आहे. हिवाळ्यात उष्णतेची लाट! एवढं झाल्यावरही आपल्या हुकुमावर तारीख पडते ती १ एप्रिलचीच.

हे एकट्या आपल्या देशाचं दुखणं नाही, सगळा आशिया असाच भाजून निघतोय. २०२३ च्या एप्रिलमध्ये थायलंडच्या ताक प्रांतात पारा ४५ च्या आसपास गेला. पुढच्याच महिन्यात व्हिएतनामनं ४४ अंश ओलांडले. २०२४ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशानं देशभरच्या शाळा बंद ठेवल्या, फिलिपिन्सनं पोरांना घरी बसवून शिकवलं, आणि म्यानमारच्या चौक गावात २८ एप्रिलला ४८.२ अंशांची नोंद झाली. जागतिक हवामान संघटना सांगते की आशिया जगाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट वेगानं तापतोय. २०२२ च्या मार्च-एप्रिलमधली भारत-पाकिस्तानातली लाट शास्त्रज्ञांनी तपासली तेव्हा निघालेला निष्कर्ष असा, की माणसानं हवामान बिघडवल्यामुळं अशा लाटेची शक्यता तीसपट वाढली आहे. त्या लाटेनं उत्तरेतला गहू ऐन दाणा भरताना होरपळला आणि १३ मे २०२२ ला सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली.

एवढे आकडे सांगितले, कारण ‘उन्हाळा काय आजचा आहे का?’ असं म्हणणारा माणूस प्रत्येक कट्ट्यावर भेटतो. त्याला माझं उत्तर सरळ आहे. उन्हाळा जुना आहे, त्याची तारीख नवी आहे. आणि माणूस मरतो तो या नव्या तारखेनं.

कसा, ते नीट समजून घेऊ. माणसाच्या अंगाला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. त्या दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जातं. वैशाखात जो गडी दुपारी टिकतो, तोच फाल्गुनात आडवा होऊ शकतो, कारण त्याचं अंग अजून तयार झालेलं नसतं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं उन्हानं झालेले कामावरचे मृत्यू तपासले, तेव्हा जवळजवळ निम्मे मृत्यू माणसाच्या कामाच्या पहिल्याच दिवशी झालेले निघाले आणि सत्तर टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. म्हणजे सर्वांत घातकी ऊन हे सर्वांत कडक ऊनच असतं असं नाही. पहिलं ऊन अधिक दगा देतं. आपला सगळा बंदोबस्त मात्र शेवटच्या, कडक उन्हासाठी राखून ठेवलेला आहे.

आता हवामान खात्याची व्याख्या बघा. मैदानी भागात पारा किमान ४० वर गेला पाहिजे आणि तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त पाहिजे. किंवा सरळ ४५ गाठला पाहिजे. हवामान विभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. तेव्हा कुठं दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. किनाऱ्याला ३७ ची अट आहे, डोंगराला ३० ची. आपण ना किनारा, ना डोंगर. हिशेबानं मैदान.

पण आपलं मैदान उंचावर आहे. बीदरचं पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून वर. कलबुर्गी त्याच्या कितीतरी खाली. म्हणून कलबुर्गी जितकं तापतं तितकं बीदर तापत नाही. पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशहानं राजधानी कलबुर्गीहून बीदरला हलवली, त्यामागं इथली हवा आणि पाणी हेही कारण सांगितलं जातं. नौबादजवळ जमिनीखालून पाणी वाहून नेणारी ती सुरंगबावी अजून आहे. उन्हातही पाणी आटू नये म्हणून ते जमिनीच्या पोटातून न्यायचं, एवढी अक्कल सहाशे वर्षांपूर्वीच्या राज्यकारभाराला होती.

आता याच उंचीचा आपल्याला तोटा होतो. समजा मार्चच्या मध्यावर आपल्याकडं नेहमी चौतीस अंश असतात आणि एके वर्षी पारा एकोणचाळीसवर गेला. नेहमीपेक्षा पाच अंश जास्त. अंगाला सवय नाही, रानात काम चालू. पण चाळीस नाहीत, म्हणून लाट नाही. लाट नाही म्हणून इशारा नाही. इशारा नाही म्हणून तहसीलदाराला हुकूम नाही, दवाखान्याला तयारी नाही, शाळेला सुट्टी नाही. शिवाय आपला हवामान विभाग ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’. त्यात बेळगाव-धारवाडही येतं. पन्नास किलोमीटरांवरचं नारायणखेड दुसऱ्या विभागात आणि देवणी तिसऱ्यात. औरादचं ऊन औरादच्या नावानं कुणी बघतच नाही.

व्याख्या बदला. नेहमीपेक्षा पारा किती चढला, हे पहिलं माप असू द्या. चाळीसचा आकडा वैशाखासाठी ठेवा हवा तर. फेब्रुवारी-मार्चला तो लावणं म्हणजे धोका दिसत असताना डोळे मिटून घेणं आहे.

मार्चमध्ये रानात कोण असतं, हेही कचेरीतल्या माणसानं एकदा येऊन बघावं. हरभरा निघालेला असतो किंवा निघत असतो. तो येरवाळीच काढावा लागतो, दवानं घाटे मऊ असतात तोवर. ऊन चढलं की घाटा फुटतो, दाणा मातीत जातो. पूर्वी नऊ-दहापर्यंत हाताशी वेळ असायचा. आता ऊन लवकर चटके देतं, दव लवकर उडतं, म्हणून बायांना अंधारातच निघावं लागतं आणि उरलेलं काम दुपारी, कोरड्या उन्हात ओढावं लागतं. ज्वारीची काढणी, कणसं मोडणं, कडबा बांधणं हेही याच दिवसांत. ज्वारीच्या फडात वारा लागत नाही. अंगावर कुसळं, डोक्यावर पदर, हातात विळा, आणि पाण्याची घागर धुऱ्यावरच्या बाभळीखाली. पाणी प्यायला जायचं तर पात सोडून जावं लागतं. म्हणून बाया पाणी कमी पितात. दुसरं कारण त्या मोठ्यानं सांगत नाहीत : लघवीला जायला आडोसा नसतो. उन्हाच्या सूचनांच्या पत्रकात ‘भरपूर पाणी प्या’ असं पहिलंच वाक्य असतं. ते लिहिणाऱ्यानं या बाईला आडोसा कुठं आहे, हे आधी सांगावं.

आपल्या तालुक्यात तांडे भरपूर आहेत. तांड्यावरचा जवान गडी हैदराबाद, पुणे, मुंबईच्या बांधकामांवर जातो. घरी म्हातारी माणसं, पोरं आणि बाया उरतात, आणि रानातली रोजंदारी बायांच्या अंगावर येते. दुपारी बारानंतर थांबली तर मुकादम म्हणतो, ‘बाई, अर्धी हजेरी लावतो.’ कचेरीतल्या कारकुनाला दीड वाजता सुटल्यावर अर्धा पगार मिळत नाही. पूर्णच मिळतो, आणि मिळायलाच हवा. कारकुनाच्या वेळेवर माझा राग नाही. राग यावर आहे, की पंख्याखालच्या माणसासाठी सरकारनं हुकूम काढला आणि उघड्यावरच्या बाईसाठी तसा हुकूम काढणं आजवर इथं कुणाला सुचलं नाही. उद्योग खात्रीच्या कामावर उन्हाळ्यात माप कमी करण्याची सवलत या भागाला दिली जात आली आहे, ती चांगलीच आहे. पण खासगी रानात, वीटभट्टीवर, रस्त्याच्या डांबरावर, आडत बाजारातल्या हमालीवर तिचा काही उपयोग नाही.

करता येत नाही, असं कुणी म्हणू नये. कतारनं २०२१ पासून उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावरच्या कामाला बंदी घातली आहे. त्याच्या पुढंही ते गेले : ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र मोजणारा निर्देशांक ३२.१ च्या वर गेला की काम थांबवायचं, मग तारीख आणि वेळ कोणतीही असो. संयुक्त अरब अमिरातीतही १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन काम बंद असतं. आपल्या बीदर-कलबुर्गीकडून कितीतरी माणसं आखातात कामाला गेली आहेत. इथला गवंडी तिकडं गेला की दुपारच्या उन्हात कायदा त्याच्या बाजूनं उभा राहतो. तोच गवंडी औरादला परत आला की कायद्याची ती सावली जाते. आपल्या देशात उघड्यावर काम करणाऱ्यासाठी किती उन्हात काम थांबवावं, याचा बंधनकारक आकडाच नाही. २०२५ पर्यंत चाललेला १९४८ चा कारखाना कायदाही छताखालच्या उष्म्याबद्दलच बोलत होता.

नेत्यांनाही यातून सोडायचं नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं दुपारपर्यंत मैदानात बसली. व्यासपीठावर छत होतं, मैदानावर नव्हतं. चौदा माणसं गेली. त्या दिवशी तिथं पंचेचाळीस अंश नव्हते; आपल्या तालुक्यात एप्रिलमध्ये सर्रास असतो त्याहून तिथला पारा फार वेगळा नव्हता. दमट हवा, उघडं डोकं आणि तासन् तास बसणं, एवढं पुरलं. त्यानंतरही भर दुपारच्या सभा थांबलेल्या नाहीत. २०२४ मध्ये लोकसभेसाठी बीदरचं मतदान ७ मेला झालं. त्याआधीचा सगळा एप्रिल प्रचाराचा. ट्रकात, टेम्पोत माणसं भरून आणायची आणि साहेब येईपर्यंत उन्हात बसवायची, हा रिवाज कोणत्याही एका पक्षाचा नाही. ज्या सभेत मंचावर मांडव आहे आणि माणसांवर नाही, त्या सभेतून उठून जावं. पक्ष कोणताही असो.

घराचंही बोलू. आपल्याकडची जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, दगडी किंवा मातीच्या रुंद भिंती. दिवसभराचं ऊन त्या मातीत मुरायला संध्याकाळ व्हायची. माळवद दर पावसाळ्याआधी सावरावं लागतं, पांढरी माती आणावी लागते, गळतं, उंदीर-घुशी होतात; म्हणून लोकांनी सोडलं. त्यांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण त्याच्या जागी आले ते पत्रे. पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो, आणि घरकुलाचा पातळ स्लॅब रात्रीपर्यंत आग ओकतो. दिवसभर रानात तापलेल्या माणसाला रात्री अंग निववायला जागा लागते. ती मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी तो थकलेल्या अंगानंच उन्हात उतरतो. लागोपाठ गरम गेलेल्या रात्रीही जीव घेतात, आणि दिवसाच्या कमाल तापमानाच्या बातमीत त्यांचा पत्ता नसतो. घरकुलाच्या अनुदानात छताला पांढरा चुना आणि खाली गवताचं किंवा बांबूचं अस्तर एवढा खर्च धरायला हवा. चुना आपल्या बाजारात मिळतो, लावायला गवंडीही लागत नाही.

जनावरांचं कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. देवणी ही आपल्या भागाची जात, ऊन सोसणारी. पण ऊन सोसायलाही पाणी लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. माणसांसाठी रेल्वे आली. त्या वर्षी दावणीची जनावरं मिळेल त्या भावानं बाजारात गेली. ऊन महिनाभर आधी आलं की विहीर महिनाभर आधी तळ दाखवते, आणि टँकरचा कागद मात्र नेहमीच्याच महिन्यात हलतो. ही तारीखही मागं ओढावी लागेल.

आता मेल्यानंतरचं. २०२५ च्या एप्रिलमध्ये तेलंगणा सरकारनं उष्णतेची लाट आणि उष्माघात ही राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केली आणि मेलेल्याच्या घरच्यांची मदत पन्नास हजारांवरून चार लाखांवर नेली. तोवर केंद्राच्या आपत्तींच्या यादीत पूर होता, गारपीट होती, थंडीची लाट होती; उष्णतेची लाट नव्हती. आणि याच आंध्र-तेलंगणात २०१५ च्या मे महिन्यात उन्हानं दोन हजारांहून जास्त माणसं मेली होती. तेलंगणानं जे केलं ते बंगळूरलाही करता येतं. त्यासाठी दिल्लीची वाट बघावी लागत नाही. राज्याच्या आपत्ती निधीतला दहा टक्क्यांपर्यंतचा भाग राज्यानं ठरवलेल्या आपत्तीवर खर्च करण्याची मुभा आहे.

पण मदत मिळायची तर कागदावर ‘उष्माघात’ लिहिलेलं पाहिजे. तिथं घोडं अडतं. उष्माघात ओळखायला अंगाचं आतलं तापमान वेळेत मोजावं लागतं. ते मोजलं नाही की अनेकदा ‘हृदय बंद पडलं’ एवढंच लिहिलं जातं, आणि ते प्रत्येक मेलेल्या माणसाबद्दल खरंच असतं. गावात लोक म्हणतात ‘ऊन लागलं’. म्हातारीला जे कळतं ते नोंदवहीत उतरत नाही, आणि नोंदवहीत नाही म्हणून सरकारला आकडा दिसत नाही. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले, हे कळलं ते कुणीतरी रोजचे मृत्यू मोजले म्हणून. त्या मोजणीतून २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा निघाला, दक्षिण आशियातला पहिला. औराद आणि कमलनगरच्या ग्रामपंचायतींत मृत्यूंची नोंद असतेच. फेब्रुवारी ते मे या महिन्यांच्या नोंदी वर्षावर्षाच्या लावून बघायला एक शिक्षक आणि एक वही पुरे.

आणि मदतीपेक्षा मोठी गोष्ट जीव वाचवण्याची. अंग भट्टीसारखं झालं, माणूस भलतंच बरळू लागला की, घाम येत असो वा नसो, तो उष्माघात समजायचा. अशा वेळी आपण काय करतो? गाडी शोधतो. औरादहून बीदरचा मोठा दवाखाना चाळीसेक किलोमीटर. तांड्यावरून आधी औराद गाठायचं, मग बीदर. उष्माघातात पहिला अर्धा तास महत्त्वाचा, आणि तो आपण रस्त्यावर घालवतो. आधी गार करा, मग गाडीत घाला. सावलीत आणा, कपडे सैल करा, असेल तेवढं पाणी अंगावर ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, छातीत जाईल. गाडीतही ओतणं थांबवू नका. कांदा खिशात ठेवा हवा तर, त्यानं बिघडत काही नाही. पण कांद्याच्या भरवशावर कुणी बसू नये.

हे आशा कार्यकर्तीला, मुकादमाला, शाळेतल्या गुरुजींना, जीप-टमटमच्या ड्रायव्हरला होळीच्या आधी शिकवायला एक दुपार लागते. तालुक्याच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात माणूस मावेल असा एक टब, बर्फाची पेटी आणि अंगाचं आतलं तापमान मोजणारा थर्मामीटर १५ फेब्रुवारीला तयार पाहिजे. बर्फ लग्नाच्या मांडवात पोचतो, रसवंतीवर पोचतो, तर आरोग्य केंद्रातही पोचू शकतो. या खर्चाचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा, आणि तालुका पंचायतीच्या अधिकाऱ्याकडून त्याची पोच लेखी घ्या.